रिकामा रकाना आणि शून्य : वर्गातल्या मोजणीचा इतिहास

पत्रिकेवर विषय छापलाय 'ऑनलाइन चाचण्या आणि स्प्रेडशीट'. त्यामुळे इथे संगणकाचा वर्ग भरणार असं समजून कुणी आलं असेल, तर त्यांनाही थोडं काही मिळेल. पण आम्ही मुळात इतिहास शिकवणारे. आम्हाला बोलायचंय ते एका साध्या प्रश्नावर. मूल चाचणीला आलंच नाही, तर त्याच्या नावापुढे काय लिहायचं?

प्रश्न किरकोळ वाटतो ना? एक हिशेब करून बघू. वीस-वीस गुणांच्या पाच चाचण्या झाल्या. एका मुलीला चार चाचण्यांत १६, १४, १८ आणि १२ मिळाले. उरलेल्या एका चाचणीला ती आली नाही. शिक्षकाने तो रकाना रिकामा ठेवला, तर स्प्रेडशीटचं सरासरीचं सूत्र रिकामी जागा धरतच नाही. साठ भागिले चार, पंधरा. म्हणजे शेकडा ७५. त्याच जागी शून्य टाकलं, तर साठ भागिले पाच, बारा. म्हणजे शेकडा ६०. आपल्या राज्याच्या श्रेणी तक्त्यात ७५ म्हणजे ब-१ आणि ६० म्हणजे क-१. मुलगी तीच, तिला येतंय तेवढंच येतंय, आणि दोन श्रेणींचा फरक पडला एका कळीवर बोट ठेवल्याने.

आता कुणी म्हणेल, मग रिकामाच ठेवा की. तेही तितकं सरळ नाही. एखादा मुलगा पाचपैकी एकाच चाचणीला आला आणि त्यात त्याला १८ मिळाले, तर त्याची सरासरी वर्गात सगळ्यांत वर जाते. म्हणजे दोन्हीकडून अन्याय होऊ शकतो. यंत्र दोन्ही हिशेब अचूक करतं. कुठला करायचा हे ते सांगत नाही. ते कुणी ठरवायचं, याच्यावर दीडशे वर्षं भांडण चाललंय, आणि त्या भांडणात आपल्या कोल्हापूरचा वाटा मोठा आहे.

रकाना हा प्रकार आपल्या गावाला नवा नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. तिथल्या अडत्याची खतावणी डोळ्यांसमोर आणा. शेतकऱ्याचं नाव, रवे किती, वजन किती, भाव काय, रक्कम काय. एखाद्याचा माल आलाच नाही, तर त्या दिवशी त्याच्या नावापुढे काही लिहिलं जात नाही. माल आला नाही आणि माल आला पण भाव मिळाला नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे अडत्याला कुणी शिकवावं लागत नाही. शाळेला मात्र हा फरक शिकायला फार वेळ लागला.

त्याची सुरुवात इंग्लंडात झाली. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी तिथे नवे नियम आणले. शाळेला सरकारी अनुदान किती द्यायचं, ते मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित यांतली तपासणीसाने घेतलेली परीक्षा यांवर ठरणार. मूल उत्तीर्ण झालं तर शाळेला पैसे, नापास झालं तर पैसे कापले. हेतू वाईट नव्हता. जनतेचा पैसा जातोय, तर त्याचा हिशेब मिळाला पाहिजे, एवढंच. पण झालं असं की वाचनाचं पुस्तक मुलं तोंडपाठ करू लागली. शिक्षकाचं सगळं लक्ष तपासणीस येण्याच्या दिवसाकडे लागलं. इंग्रजी कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासणीस होते, आणि त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. शतक संपेपर्यंत इंग्लंडने ती सोडून दिली.

दरम्यान ती आपल्या मुंबई इलाख्यात पोचली होती. खाजगी शाळांना निकालावर अनुदान. आणि इथे महात्मा फुले समोर येतात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, ते आपण सगळे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी आठवतो. पण त्यात या निकाल-पद्धतीबद्दलही एक मुद्दा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या समाजात अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तिथे ही पद्धत उपयोगाची नाही. अशा मुलांत जाऊन निकालावर पगार घ्यायला कुणी शिक्षक तयार होणार नाही, कारण त्याचं पोटच भरणार नाही.

हे जरा सावकाश समजून घेऊ. फुल्यांचा विरोध परीक्षेला नव्हता. त्यांनी दाखवून दिलं ते हे की मोजणीला पैसे जोडले, की शिक्षक सोप्या मुलांकडे जातो. जे मूल गुरं राखायला जातं, सुगीत शेतावर असतं, ज्याच्या घरात अक्षर नाही, ते मूल शिक्षकाच्या दृष्टीने तोट्याचा माल होतं. त्याच्या नावापुढे शून्य पडण्यापेक्षा त्याचं नाव पटावर नसलेलंच बरं, असं शिक्षकाला वाटायला लागतं.

पस्तीस वर्षांनी, १९१७ मध्ये, कोल्हापूर संस्थानात याच्या उलट गोष्ट घडली. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बडोद्याला सयाजीरावांनी हे आधी, १९०६ मध्ये केलं होतं. ब्रिटिश हद्दीत गोखल्यांचं विधेयक १९१२ मध्ये फेटाळलं गेलं होतं. कोल्हापूरच्या कायद्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळचा एक रुपया, बरं का.

आम्हा इतिहासवाल्यांना या दंडात एक वेगळी गोष्ट दिसते. दंड करायचा तर आधी काय करावं लागतं? कोण आलं नाही हे लिहावं लागतं. म्हणजे शाळेत न आलेलं मूलही कुठल्या तरी कागदावर यायला हवं. तोवरची शाळेची वही जे आले त्यांची होती. सक्तीच्या कायद्याने न आलेल्याला नाव मिळालं, आणि त्याच्या रिकाम्या रकान्याची जबाबदारी मोठ्या माणसांवर आली. मूल आलं नाही तर चूक मुलाची नाही. ही आमच्या मते या शहराने दिलेली एक मोठी शिकवण आहे, आणि पुढचं सगळं आम्ही तिच्या उजेडात बघणार आहोत.

तिसरा माणूसही आपल्याच जिल्ह्यातला. जे. पी. नाईक, जन्म १९०७, आजरा तालुक्यातलं बहिरेवाडी. गारगोटीचं मौनी विद्यापीठ त्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. मूल्यमापन ही वर्षाअखेरची एकच घटना नसून ती सतत चालणारी गोष्ट आहे, लेखी परीक्षेला सगळं मोजता येत नाही, तोंडी काम आणि शिक्षकाचं निरीक्षण यांनाही जागा हवी, मुलाच्या प्रगतीची नोंद वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर पुढे जायला हवी, या सगळ्या गोष्टी त्या अहवालात आहेत. गारगोटी-आजऱ्याकडची एकशिक्षकी शाळा ज्याने जवळून पाहिली, त्याला एका दिवसाच्या पेपरवर भरवसा ठेवणं अवघड गेलं असणार, असं आम्हाला वाटतं.

आता थोडा वेळ यंत्राकडे वळू. बहुपर्यायी प्रश्न हे संगणकाचं अपत्य नाही, ते त्याच्या आधीचं. फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमाराला अमेरिकेत कॅन्सास इथे वाचनाची एक चाचणी तयार केली. प्रत्येक प्रश्नाचं एकच ठरलेलं उत्तर, त्यामुळे कुणीही तपासलं तरी गुण तेवढेच. १९३०च्या दशकात मिशिगनमधल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या विज्ञान शिक्षकाने यंत्राने तपासणीची युक्ती काढली. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, हे त्याला लहानपणीच्या एका खोडीमुळे माहीत होतं. मोटारीच्या स्पार्क प्लगवर पेन्सिल घासली की गाडी सुरू होत नाही! त्याच तत्त्वावर आयबीएम कंपनीने उत्तरपत्रिका तपासण्याचं यंत्र बाजारात आणलं. आपण आज गोल काळे करतो, ते या घराण्यातलं.

स्प्रेडशीटचा जन्मही वर्गातलाच. हार्वर्डमध्ये शिकणारा डॅन ब्रिकलिन फळ्याकडे बघत बसला होता. प्राध्यापकांनी मोठा तक्ता मांडलेला. एक आकडा चुकला, की तो पुसायचा, मग त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसायचे आणि पुन्हा मांडायचे. त्याला वाटलं, एक आकडा बदलल्यावर बाकीचे आपोआप बदलले तर? त्यातून १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आलं. मग एक्सेल. २००६ मध्ये गुगलने स्प्रेडशीट इंटरनेटवर आणली आणि २००८ मध्ये तिला फॉर्म जोडला. फॉर्म कुणीही कुठूनही भरावा, भरणाऱ्याची एक आडवी ओळ शीटमध्ये आपोआप पडावी.

शिक्षकांच्या लक्षात आलं, अरे, हीच तर चाचणी! अमेरिकेतल्या एका भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने फ्लुबारू नावाचं पूरक साधन बनवलं. शिक्षकाने आपलाच फॉर्म आधी भरायचा. त्याची ओळ म्हणजे उत्तरसूची. बाकीच्या ओळी त्याच्याशी ताडून गुण लागतात. पुढे २०१६ मध्ये गुगल फॉर्ममध्येच चाचणीची सोय आली.

आपल्याकडे या सगळ्याची गरज वेगळ्याच कारणाने निर्माण झाली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. आकारिक आणि संकलित. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के, संकलित ३०. वर चढत जाल तसं प्रमाण बदलतं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. नाईकांनी जे मागितलं होतं, ते काही अंशी आलं. पण दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, हे सगळं प्रत्येक मुलाचं, प्रत्येक विषयाचं, दोन सत्रांचं. एकूण रकाने किती होतात ते शिक्षकालाच विचारा! रात्र-रात्र बेरजा करणाऱ्या गुरुजींची सुटका केली ती एक्सेलने. कुणीतरी तंत्रस्नेही शिक्षक निकालपत्रकाची शीट बनवायचा आणि ती व्हॉट्सॲपवरून तालुकाभर फिरायची. गुण टाका, श्रेणी आपोआप.

एक गंमत बघा. नोंदी एवढ्यासाठी होत्या की शिक्षकाने मुलाकडे रोज बघावं. शीट आल्यावर काही ठिकाणी उलटं झालं. आधी श्रेणी ठरली आणि तिला शोभतील असे गुण मागून रकान्यांत बसवले गेले. आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हे आम्हीही केलंय.

मग आलं २०२०. शाळा बंद. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही राज्याची मोहीम सुरू झाली. नोव्हेंबरात 'स्वाध्याय' आलं, म्हणजे व्हॉट्सॲपवर आठवड्याला प्रश्न. विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्याच, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस आला, आणि राज्यभर विद्यार्थ्यांनी पर्याय निवडून पदव्या मिळवल्या. इतिहासाचा जो विद्यार्थी दोन वर्षं 'कारणमीमांसा करा' या प्रश्नाला चार-चार पानं लिहीत होता, त्याने शेवटच्या वर्षी चारांतला एक गोल निवडला.

त्या वर्षातली आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. सातवीची चाचणी आम्ही फॉर्मवर घेतली. मोठ्या उत्साहाने. एका खात्यावरून एकदाच उत्तर पाठवता येईल अशी सोय लावून ठेवली, म्हणजे कुणी दोनदा भरणार नाही. संध्याकाळी शीट उघडली. डोंगराकडच्या एका वाडीतली एक मुलगी नाही. हुशार मुलगी. आम्ही दोन दिवस वाट बघितली आणि शून्य टाकलं. सूत्राला रिकामी जागा नको होती, आणि खरं सांगायचं तर वरून यादीही मागितली होती.

शाळा उघडल्यावर तिला विचारलं. म्हणाली, "सर, भावाचं बी त्याच फोनवर होतं की. त्यानं आधी पाठवलं. मग माझं घेईनाच." दोन भावंडं, एकाच वर्गाच्या दोन तुकड्यांत, घरात एक फोन, फोनवर एक खातं. तिने उत्तरं वहीत लिहून ठेवली होती. वही आमच्यापुढे धरली. वीसपैकी सतरा होत होते.

कॉपी होऊ नये म्हणून लावलेली कडी आमचीच होती, आणि ती बसली तिच्या दारावर. तिच्या घराला एक रुपया दंड करावा असं त्यात काही नव्हतं. दंड व्हायचाच तर आम्हाला व्हायला हवा होता.

तेव्हापासून आम्ही फॉर्मकडे जरा बारकाईने बघायला लागलो. अशा कड्या त्यात आणखी आहेत. समजा, तुम्ही प्रश्न टाकला: उसापासून काय तयार होतं? उत्तरसूचीत लिहिलं 'साखर'. आता पन्हाळ्याच्या पायथ्याचं पोर, ज्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे, ते काय लिहिणार? 'गूळ'. ऱ्हस्व लिहिलं तर 'गुळ'. एखादं 'काकवी' लिहील. तिन्ही बरोबर आहेत, आणि यंत्र तिन्हींना शून्य देईल, कारण ते अक्षरं ताडतं, अर्थ नाही. एका मुलाने आकडा मराठीत लिहिला, दुसऱ्याने इंग्रजीत, तरी तीच अडचण. 'राजर्षी शाहू', 'शाहू महाराज', 'शाहु महाराज': माणसाला एक, यंत्राला तीन. चालणारी उत्तरं आधीच भरून ठेवता येतात, हे खरं. पण ती सुचायला मुलं माहीत असावी लागतात.

म्हणून काय फॉर्म फेकून द्यायचा? अजिबात नाही. त्याने आम्हाला जे दिलं, ते जुन्या वहीने कधी दिलं नव्हतं. गुणांची वही आपण नेहमी आडवी वाचली. मुलाचं नाव, त्याचे गुण, त्याचा निकाल. शीट उभी वाचता येते. उभा रकाना प्रश्नाचा असतो. चाळीस मुलांच्या वर्गात सातव्या प्रश्नाचा रकाना पाहिला आणि तीस जणांनी एकच चुकीचा पर्याय निवडलेला दिसला, तर ती तीस मुलांची चूक नाही. एकतर प्रश्न वाकडा आहे, नाहीतर आपण तो धडा वाकडा शिकवलाय. आडवी ओळ मुलाची परीक्षा घेते, उभा रकाना मास्तरची. आणि हे त्याच संध्याकाळी कळतं, वर्ष संपल्यावर नाही.

२०२१ मध्ये दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, अशा शंभरावर निकाल लागला. १६ जुलैला जाहीर झालेला तो निकाल ९९.९५ टक्के होता. त्यावर विनोद पुष्कळ झाले. पण ज्या शिक्षकांनी नोंदी मनापासून ठेवल्या होत्या, त्यांच्या वह्या त्या वर्षी पहिल्यांदा मुलांच्या कामी आल्या. नाईकांची ती वर्षानुवर्षांची नोंद अचानक खरी ठरली. जिथे नोंदी नव्हत्या, तिथे त्या तयार झाल्या.

आता तर नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुण आपण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरतो. वर्गातला आकडा आता राज्याच्या पडद्यावर दिसतो. रॉबर्ट लो यांच्या तपासणीसाला वर्षातून एकदा घोड्यागाडीतून यावं लागत होतं. आजच्या तपासणीसाला यावंच लागत नाही. म्हणून फुल्यांचा तो जुना मुद्दा आम्ही पुन्हा पुढे ठेवतो. त्या आकड्याला उद्या शाळेची प्रतवारी, मास्तरची बढती-बदली जोडली गेली, तर तोट्याचं मूल पुन्हा कुणाला नको होईल.

शेवटी, आम्ही आमच्या शीटमध्ये काय बदललं तेवढं सांगतो आणि थांबतो. एक, शून्य फक्त त्यालाच, ज्याने पेपर सोडवला आणि ज्याचं एकही उत्तर जुळलं नाही. तेही उत्तरं स्वतः वाचल्यावर. दोन, जो आला नाही त्याच्यापुढे 'गै.ह.' लिहायचं. सरासरीचं सूत्र अक्षरं सोडून देतं, त्यामुळे हिशेब बिघडत नाही, आणि कुणाच्या किती चाचण्या झाल्या हे शेजारच्या रकान्यात दिसतं. त्याची चाचणी नंतर घ्यायची, कागदावर, तोंडी, जशी जमेल तशी. तीन, एक रकाना वाढवला. त्याचं नाव 'कारण'. फोन नाही, रेंज नाही, ऊसतोड, आजारपण, भावाने आधी पाठवलं. हा रकाना कुठल्याही सूत्रात येत नाही, वर कुणी मागतही नाही. महिन्याच्या शेवटी आम्ही तो वरपासून खालपर्यंत उभा वाचतो.

त्या मुलीच्या शून्याच्या जागी सतरा लिहिले. तिची श्रेणी बदलली. शीटने बाकीचे आकडे आपोआप बदलले, ब्रिकलिनला फळ्याकडे बघताना हवं होतं तसेच.

आता तुमचे प्रश्न घेऊ.